बॅग, माकिवारा की वाळूची बादली? पंच-किक दमदार करायला घरी काय घ्यायचं

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय २२, शोतोकान कराटेची चार वर्षं, ब्राऊन बेल्ट. पहिल्यांदाच किकबॉक्सिंगची मॅच खेळला, दुसऱ्या राउंडला हात वर राहीनात, आणि पंच लागत होते तरी समोरच्याला ढिम्म फरक पडत नव्हता. आता घरी सराव करायचाय, बजेट दहा हजार, राहायला फ्लॅट. यादीत हेवी बॅग (टांगायची मोठी, जड बॅग), माकिवारा (कराटेवाले मारतात ती रोवलेली फळी), स्पीड बॅग (वर टांगलेली छोटी, भराभर मारायची बॅग), मनगटाला बांधायची वजनं, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून वाळूच्या बादलीत हात मारायचा बेत. शिवाय उजवं मनगट अधूनमधून दुखतं.

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी आता बॉक्सिंग आणि मुए थाई (थायलंडचं किकबॉक्सिंग) शिकवतो पण सुरुवात कराटेतूनच झालीये, त्यामुळे तुझ्या मॅचमध्ये काय झालं असणार ते न बघताही बऱ्यापैकी सांगता येतं. आणि सामान घ्यायच्या आधी तेच बोलूया, कारण प्रत्येक साधन एक गोष्ट शिकवतं आणि त्याच वेळी एक वाईट सवयही लावतं. आपल्यात काय कमी आहे ते माहीत नसताना सामान घेतलं की नेमकी वाईट सवय तेवढी पदरात पडते.

तू चार वर्षं जे कुमिते (कराटेतली लढत) खेळलास त्यात ठोसा पोचला, रेफरींनी झेंडा वर केला की थांबायचं. पंचाला एक पॉइंट, पोटावर किक बसली तर दोन, डोक्यावर तीन, आणि डोक्याला लागताना ताबा हवा नाहीतर तुलाच वॉर्निंग. म्हणजे चार वर्षं तुझ्या अंगाला शेवटच्या दोन इंचात ब्रेक मारायची सवय लागलीये. तो ब्रेक फार चांगला आहे रे, त्याला कमी लेखू नको, पण किकबॉक्सिंगमध्ये पंच लागूनही काही होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा तोच असतो, ताकद कमी असणं नाही. दुसरं म्हणजे हिकिते, एक हात पुढे जाताना दुसरा कमरेला ओढून घ्यायचा. काता (ठरलेल्या हालचाली एकट्याने) करताना ठीक, रिंगमध्ये तो हात कमरेला गेला की तुझा गाल उघडा. आणि तिसरं, दम. दुसऱ्या राउंडला हात वर राहीनात याचा अर्थ स्टॅमिना नाही असं सगळे म्हणतात आणि मग पोरं पहाटे दहा किलोमीटर पळायला लागतात, पण नव्या माणसाचा दम जातो तो खांदे कानापर्यंत ताठ धरल्याने आणि पंच मारताना श्वास रोखल्याने. पळ, पळणं वाईट नाही, पण आधी श्वास सोडायला शिक, प्रत्येक फटक्याला नाकातून किंवा दातांच्या फटीतून 'स्स' असा बाहेर.

कराटेतून जे मिळालंय ते टाकू नको हेही सांगतो. लांबून एका झेपेत आत शिरणं आणि लगेच बाहेर निघणं हे बॉक्सिंगवाल्यांना सहजी जमत नाही. ल्योतो माचिदा शोतोकानवालाच, २००९ मध्ये यूएफसी या एमएमएच्या (पंच, किक, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींच्या) स्पर्धेत लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला तो याच अंतराच्या खेळावर. आपल्याकडे लवलिना बोरगोहाईं आधी मुए थाई करायची, मग बॉक्सिंगकडे वळली आणि टोकियो ऑलिंपिकला ब्राँझ आणलं. एक पद्धत सोडून दुसरीकडे जाताना सगळं पुसून टाकावं लागत नाही.

आता खर्च. पहिले पैसे हँडरॅपवर. साडेचार मीटरचे घे, १८० इंच लिहिलेलं असतं, थोडे ताणले जाणारे. दोन जोड घे म्हणजे एक धुवायला टाकता येईल, कारण न धुतलेला रॅप तिसऱ्या दिवशी असा वास मारतो की आई घराबाहेर ठेवायला लावेल. बांधताना हात उघडा आणि बोटं फाकलेली ठेवायची, अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या गाठींवर तीन, मग बोटांच्या मधून एकेक, अंगठा एकदा, आणि उरलेलं सगळं पुन्हा मनगटाला. नवी पोरं गाठींवर थरावर थर चढवतात आणि मनगटाला एकच वेढा देतात, उलटं करा. मूठ वळल्यावर घट्ट आणि हात उघडल्यावर सैल वाटलं तर बरोबर जमलं. बोटांना मुंग्या यायला लागल्या तर सोडून परत बांध. आणि ते जेलवाले तयार इनरग्लोव्ह मिळतात ना, हातात मोज्यासारखे चढवायचे, ते सोयीचे आहेत पण दुखऱ्या मनगटाला नकोत, आधार फार कमी देतात.

ग्लोव्हज औंसात मोजतात, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. बॅगेसाठी १२ औंस बरे, पुढे स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) सुरू केलंस की १६ औंस वेगळे. एकच जोड परवडत असेल तर १४ किंवा १६ घे आणि दोन्हीकडे वापर, हात थोडे जड वाटतील पण समोरच्याचं नाक सुरक्षित राहील. एमएमएचे चार औंसवाले बोटं उघडी असलेले ग्लोव्हज दिसायला भारी असतात, बॅगेवर रोज वापरायला आणू नको. आपल्याकडचा बराच माल मेरठ-जालंधरचा असतो आणि त्यात चांगलंही मिळतं, फक्त दुकानात घालून बघ, मूठ पूर्ण वळते का, अंगठा ग्लोव्हला शिवलेला आहे का आणि मनगटाचा पट्टा रुंद आहे का. आतला फोम दाबला की लगेच बोट आरपार जाणवलं तर तो ग्लोव्ह दोन महिन्यांत बसणार.

मनगटाचं इथेच सांगून टाकतो. बहुतेक वेळा मनगट दुखतं ते पंच लागताना हात आत किंवा खाली मुडपल्याने. मूठ लागायला हवी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर, आणि त्या गाठींपासून कोपरापर्यंत एक सरळ रेष. कराटेत हे शिकवलेलंच असतं, पण हवेत मारताना रेष चुकली तर कळत नाही, वजनदार वस्तूवर लगेच कळतं. हुक (बाजूने वळवून मारायचा पंच) मारताना करंगळीच्या बाजूने फटका बसला की त्या बाजूचं तळहातातलं हाड मोडतं, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. तुझं दुखणं अंगठ्याच्या बुडाशी किंवा करंगळीच्या बाजूला एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, सूज असेल, तर बॅग आणायच्या आधी ऑर्थोपेडिककडे जाऊन एक्स-रे काढ. आयोडेक्स लावून बॅग मारत बसू नको.

आता बॅग. चार फुटी बॉक्सिंग बॅग आणि सहा फुटी, जिला बनाना बॅग म्हणतात, अशा दोन मिळतात. तुला किक मारायच्या आहेत, लो किक (मांडीच्या उंचीची) सुद्धा, तर सहा फुटी घे, पण छत तेवढं उंच असेल तर. अंदाजे स्वतःच्या वजनाच्या निम्मं वजन असलं की चालतं, फार हलकी बॅग झोके घेत बसते आणि आपण तिच्यामागे पळत बसतो.

विकत मिळते ती बरेचदा रिकामी, आणि इथेच घोटाळा होतो. लोक सरळ वाळू भरतात. वाळू खाली बसते, आठवडाभरात बॅगेचा खालचा भाग दगड होतो आणि वरचा पोकळ, मग लो किक मारली की नडगी आणि बॉडी पंच मारला की मनगट गेलं. कापड भर. शिंप्याकडे कात्रणांचं पोतं मिळतं, घरच्या जुन्या चादरी, साड्या, टीशर्ट, सगळं चालतं, फक्त चेन, बटणं, हुक कापून काढायचे, एक जीन्सचं बटण आत राहिलं तर ते बरोबर तुझ्या गाठीलाच सापडेल. तळहाताएवढे तुकडे कर, अख्खी चादर कोंबली तर आत गोळे होतात. वीतभर थर झाला की जाड दांडक्याने कोंबायचं, मध्यभागी नाही तर कडेकडेने, कारण मध्ये आपोआप भरतं आणि कडा पोकळ राहतात. वजन वाढवायचं असेल तर वाळू दोन-दोन किलोच्या पिशव्यांत, डबल प्लास्टिक आणि वरून चिकटपट्टी, आणि ती पिशवी बॅगेच्या बरोबर मध्यभागी, चारही बाजूंनी कापड. पंधरा दिवसांनी बॅग वीतभर खाली बसेल, वरून परत भर. भरायला अख्खा रविवार जातो, मित्राला बोलव.

टांगायची कुठे हा फ्लॅटवाल्यांचा खरा प्रश्न. आरसीसी स्लॅब किंवा बीममध्ये अँकर फास्टनर मारूनच, आणि ते काम माहीतगार माणसाकडून करून घे. पीओपीच्या छताला किंवा गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या पाइपला बॅग टांगणारे लोक मी पाहिलेत, पाइपसकट खाली आलेलीही पाहिलीये. चेन आणि हुकच्या मध्ये स्प्रिंग टाकली की स्लॅबला बसणारा हादरा बराच कमी होतो, वरच्या मजल्यावरचे काका कमी ओरडतात. भाड्याचं घर असेल तर स्टँडवाली बॅग, जिच्या बुडात पाणी किंवा वाळू भरतात, ती घ्यावी लागेल, पण ती किक मारली की सरकते. वाळूच भर आणि खाली रबरी मॅट टाक. दुपारी दोन ते चार बॅगेला हात लावू नको, सोसायटीत राहायचंय आपल्याला.

बॅग काय शिकवते? वजन टाकायला शिकवते, तुझा ब्रेक सोडवते. म्हणून तुला ती हवीच. पण बॅग उलटून मारत नाही. त्यामुळे हात खाली येतात, माणूस बॅगेच्या अंगावर रेलतो, जवळ उभं राहून ढकलत बसतो आणि घाम गाळल्याचं समाधान घेऊन अंघोळीला जातो. फटका आणि ढकलणं यातला फरक कानाने ओळख. नीट बसलेल्या पंचाचा आवाज तुटक आणि कोरडा येतो, बॅग जागच्या जागी थरथरते, दुमडल्यासारखी होते. ढकललेल्या पंचाला आवाज नसतो आणि बॅग लांब झोका घेते. पोरांना लांब झोका म्हणजे ताकद वाटते, ते बरोबर उलट आहे. मूठ सैल ठेवायची, लागायच्या क्षणी आवळायची आणि लगेच परत, त्याच रेषेत, हनुवटीपाशी, कमरेपाशी नाही.

ताकद येते पायातून. मागच्या पायाची टाच बाहेरच्या बाजूला वळते, त्यामागे कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. हे वाचून सगळ्यांना कळतं, करताना मात्र हात आधी पळतो. म्हणून पहिले दोन आठवडे क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) फक्त निम्म्या जोराने मार आणि टाचेकडे लक्ष दे. जोर नंतर आपोआप वाढतो, आवळून आणलेला जोर खांद्यात अडकतो.

टायमर लावून काम कर, तीन मिनिटं राउंड, एक मिनिट आराम, मोबाइलवर फुकट ॲप आहेत. आणि प्रत्येक राउंडला एकच काम ठरव. पहिला राउंड फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), आत-बाहेर पाय हलवत. दुसरा जॅब-क्रॉस आणि प्रत्येक वेळी मारून झाल्यावर एक पाऊल बाजूला, म्हणजे मारून तिथेच कौतुक बघत उभं राहायची सवय मोडते. तिसऱ्यात बॅगेला झोका दे आणि ती परत येताना मार, अंतर कळतं. चौथा किकचा. पाचव्यात सगळं, आणि शेवटची तीस सेकंदं सलग हात, पण तेव्हाही हनुवटी आत. पाच राउंड नीट केलेस तर वीस मिनिटं पुरे होतात, दोन दोन तास बॅग बडवणाऱ्यांचे कोपर आणि खांदे काय बोलतात ते त्यांनाच विचार.

किकबद्दल एक वेगळी गोष्ट. कराटेत मावाशी गेरी (राउंडहाउस, बाजूने गोल फिरवून मारायची किक) तू पायाच्या वरच्या भागाने, चवड्याच्या वरून मारत असशील. पॉइंटसाठी बरोबर, पण हेवी बॅगेवर पूर्ण जोराने मारलीस तर तिथली बारीक हाडं दुखावतात. नडगीच्या खालच्या अर्ध्या भागाने मार. उभा पाय वळला पाहिजे, इतका की टाच बॅगेकडे बघेल, नाहीतर गुडघा पिळला जातो. थायलंडमध्ये बारा-पंधरा वर्षांची पोरंसुद्धा बॅगेला आणि पॅडला मिळून रोज शेकड्यांनी किक मारतात, त्यांची नडगी त्यानेच टणक होते. हाडावर हळूहळू भार वाढवत नेला की हाड दाट होत जातं, पण हे महिन्यांचं नाही, वर्षांचं काम आहे. नडगीवर बाटली किंवा लाटणं फिरवायचे व्हिडिओ बघून स्वतःचे हाल करू नको, त्याने कातडी बधिर होते आणि आत सूज येते, बाकी काही नाही. केळीच्या खोडाचं खूप कौतुक होतं, पण केळीचं खोड आतून पाणी आणि दोऱ्यासारखे पदर, मऊच असतं ते.

माकिवारा. हे ओकिनावाचं साधन, १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन (तुझ्या शोतोकानचे संस्थापक) कराटे घेऊन टोकियोला गेले त्याच्या आधीपासूनचं. लोकांना वाटतं हे गाठी कडक करायचं यंत्र आहे. नाही. खरा माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली, वर पातळ होत गेलेली फळी, टोकाला पेंढ्याची दोरी गुंडाळलेली, आणि ती फटक्याला मागे लवते. जितकी मागे जाते तितका ती उलट जोर लावते, मग तुझं मनगट, कोपर, कंबर, मागची टाच यातला जो सांधा ढिला असेल तो तिथल्या तिथे कळतो. ही एवढी सरळ तपासणी बॅगेवर होत नाही. म्हणून मला माकिवारा आवडतो, तुझ्या कराटेच्या पायालाही तो शोभतो. पण फ्लॅटमध्ये लोक काय करतात, भिंतीला लाकडी ठोकळा आणि वर रबर लावून त्याला माकिवारा म्हणतात. ती लवत नाही, ती भिंतच आहे, आणि भिंतीला मारायची काही गरज नाही. गावी अंगण असेल, गाठ नसलेली लवचिक फळी मिळाली आणि ती दोन-तीन फूट खोल नीट रोवता आली तर लाव, छातीच्या उंचीवर. एका हाताने वीस-पंचवीस फटके, निम्म्या जोराने, बस. आणि अठराच्या आतल्या पोरांना देऊ नको, त्यांची हाडं वाढतायत अजून. माकिवाराची वाईट सवय म्हणजे पाय खिळून जातात, समोरचं हलत नाही म्हणून आपणही हलत नाही.

वाळूची बादली सरळ यादीतून काढ. हाड भाराला जुळवून घेतं, पण सांध्यातली कूर्चा झिजली की ती परत तशी होत नाही. ग्लोव्हज घालून खेळणाऱ्या माणसाला बोटांची टोकं कडक करून काय मिळणार? पुढे पंचवीस-तीस वर्षं याच हाताने कीबोर्ड, गाडी, शर्टाची बटणं सगळं करायचंय.

फुकटातलं साधन सांगतो, ते वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. गॅलरीत किंवा हॉलमध्ये आडवी दोरी बांध, तुझ्या खांद्याच्या उंचीवर, कपडे वाळत घालायची नायलॉनची चालेल. बॉक्सिंग पवित्र्यात उभा राहा आणि दोरीच्या खालून डोकं या बाजूचं त्या बाजूला नेत पुढे जात राहा, गुडघे वाकवून, कंबर वाकवून नाही, नजर समोर. एक टोक ते दुसरं टोक, मग मागे. डोकं बाहेर आलं की त्या बाजूचा पंच. कराटेवाल्याचं डोकं मधल्या रेषेवर ताठ असतं, ते हलायला शिकवणारं याहून स्वस्त काही नाही. सोबत आरशासमोर शॅडो (हवेत पंच-किक मारायचा सराव), तीन राउंड रोज, त्यात बॅगेवर जे करणार तेच, फक्त हळू. शॅडोची वाईट सवय तुला आधीच आहे, हवेत झटका देऊन कोपर पूर्ण ताणायचं. हवेत मारताना कोपर किंचित वाकलेलंच ठेव.

अजून एक घरगुती जुगाड म्हणजे डबल एंड बॅग. विकत मिळते, पण जाळीत फुटबॉल घाल, वर-खाली सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून ताणून बांध, झालं. मारलं की ती उलट तोंडावर येते, म्हणून हात आपोआप वर राहतो. बॅगेने बिघडवलेलं बरंचसं ही दुरुस्त करते. हिच्यावर जोर लावायचा नाही, मारायचं आणि चुकवायचं. स्पीड बॅग मात्र राहू दे, लाकडी प्लॅटफॉर्म, तो हलू नये म्हणून दणकट भिंत, एवढा खटाटोप करून खांद्याचा दम आणि ताल मिळतो, आणि तुझ्या मॅचमध्ये त्याने काही बदललं नसतं.

आता खरी गोष्ट. दहा हजारांतले उरलेले पैसे एका जोड फोकस मिट्स (हातात घालून पंच घ्यायचे छोटे पॅड) आणि जमलं तर थाई पॅड्सवर (हाताला बांधून किक घ्यायचे जाड पॅड) घाल, आणि एक जोडीदार शोध. पॅड धरणारा माणूस हे स्ट्रायकिंगमधलं सगळ्यात महागडं साधन आहे आणि ते दुकानात मिळत नाही. क्लासमध्ये तुझ्याच वजनाचा कुणी असेल तर आठवड्यातून दोन दिवस एकमेकांना पॅड धरा. धरायलाही शिकावं लागतं. मिट्स आपल्या चेहऱ्याच्या जवळ, खांद्याच्या रुंदीच्या आत धरायचे. हात लांब फाकवून धरले की मारणारा हवेत बाजूला मारायला शिकतो, जिथे माणसाचं डोकं कधीच नसतं. पंच येताना मिटने किंचित पुढे जाऊन तो घ्यायचा, जोरात थापट मारायची नाही आणि मागेही ओढायचा नाही, दोन्हीने मारणाऱ्याच्या कोपराला झटका बसतो. थाई पॅडवर राउंडहाउस घेताना दोन्ही पॅड एकमेकांना चिकटून, अंगाजवळ, आणि एक छोटं पाऊल किककडे. पॅड अंगापासून लांब धरला तर तो उडून धरणाऱ्याच्याच तोंडावर येतो, पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, धरणाऱ्याने उलट मारायचं. जॅब-क्रॉस झाला की मिटने हलकेच गालावर टपली. हात वर असेल तर मिटला लागेल, नसेल तर गालाला. दोन आठवड्यांत हिकितेची सवय जाते, मी तोंडाने शंभर वेळा सांगून जी गेली नसती ती. इन्स्टाग्रामवर जे पाठ केलेले वीस-वीस फटक्यांचे पॅडवर्कचे व्हिडिओ असतात त्यांच्या नादी लागू नका, ते बघायला छान असतं पण त्यात मारणाऱ्याला पुढचं सगळं आधीच माहीत असतं. धरणाऱ्याने न सांगता पॅड दाखवायचा, अर्ध्या सेकंदात झाकायचा. दिसलं तर मार, उशीर झाला तर सोडून दे.

स्पारिंगशिवाय यातलं काहीच अंगी लागत नाही, पण स्पारिंग म्हणजे मारामारी नव्हे. थायलंडच्या जिममध्ये मॅच खेळणारी पोरं स्पारिंग बरेचदा हसत-खेळत, हलक्या हाताने करतात. तू सुरुवात एका नियमावर कर, एक राउंड दोघांनी फक्त जॅब, पुढचा राउंड एकाने मारायचं दुसऱ्याने फक्त वाचवायचं. माउथगार्ड, ॲब्डोमेन गार्ड, शिनगार्ड हवेतच. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातावर बसवायचा मिळतो, तो बसव, तसाच तोंडात कोंबू नको. हेडगार्डवर फार भरवसा ठेवू नको, तो कापणं-खरचटणं वाचवतो, डोक्याच्या आतला हादरा नाही. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून हेडगार्ड होता, पुरुषांसाठी तो काढला आणि २०१६ ला रिओत सगळे पुरुष बॉक्सर त्याशिवाय खेळले. डोक्याला लागून गरगरलं, मळमळलं, उजेड टोचायला लागला तर त्या दिवसाचं स्पारिंग संपलं, आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय परत डोक्याला फटका नाही. इथे मर्दपणा दाखवणाऱ्या क्लासमध्ये जाऊच नको, तिथून सरळ बाहेर पड.

ताकदीसाठी जिमची मेंबरशिप नसली तरी चालेल. जोर आणि बैठका आपल्या तालमीतल्याच काढ, जोर काढताना खांदा पूर्ण फिरतो आणि कंबर उघडते, साध्या पुशअपमध्ये ते होत नाही. मुद्गल फिरवता येत असेल तर खांद्याला उत्तमच, आधी हलका घे. दोरीवरच्या उड्या तीन-तीन मिनिटांचे राउंड करून, टाच न टेकवता, पोटऱ्यांना सवय होईपर्यंत दिवसाआड.

आठवडा साधारण असा लाव, दोन दिवस बॅग, दोन दिवस जोडीदारासोबत पॅड, एक दिवस हलकं स्पारिंग, त्यासोबत दोरीखालचा सराव आणि शॅडो थोडं, एक दिवस फक्त तेवढंच, आणि एक दिवस काहीच नाही. कराटेचा क्लास चालू असेल तर बॅगेचा एक दिवस कमी कर. मनगट दुखतंय तोवर बॅग बंद, पायांचं काम आणि किक चालू ठेव.

पावसाळ्यात ग्लोव्हज बॅगेत कोंबून ठेवले तर चार दिवसांत आतून बुरशी. वापरून झाले की पट्टा पूर्ण उघडून आत वर्तमानपत्राचे बोळे घाल, पंख्याखाली ठेव. कडक उन्हात वाळवले की लेदरला भेगा पडतात.

राहिली मनगटाला बांधायची वजनं. नको. हातात डंबेल किंवा मनगटाला वजन घेऊन पंच मारले की वजन खाली ओढतं, पुढे नाही, त्यामुळे खांदा हात उचलून धरायला शिकतो, पंच वेगाने पाठवायला नाही. शिवाय झटका देऊन हात थांबवताना सगळा ताण कोपरावर येतो, आणि तुझं मनगट आधीच कुरकुरतंय. ते पैसे दुसऱ्या हँडरॅपच्या जोडीत घाल.